मुहूर्तमेढ आणि मागचं डावं चाक

दत्तोपंत वकिलांनी गाडीचं मागचं डावं चाक उतरवलं, तेव्हा त्यांच्या मुलीची मुहूर्तमेढ पाच दिवसांवर आली होती. घरात दुसरी कामं नव्हती असं नाही. पत्रिकांवर पत्ते घालायचे होते, आचाऱ्याला होकार कळवायचा होता, पाहुण्यांसाठी आळीभर फिरून गाद्या गोळा करायच्या होत्या. पण एकदा हातात पाना आला की माणसाला मुलीचं लग्न हे किरकोळ काम वाटू लागतं.

सुरुवात अगदी साधी होती. एकोणीसशे एकाहत्तरचा वैशाख. कर्जतजवळच्या भिसेगावातल्या घराच्या अंगणात गाडी उभी असायची आणि तिच्या मागच्या चाकाखाली रोज रुपयाएवढा तेलाचा डाग पडायचा. त्या शनिवारी पत्नी सरोजिनीबाई एवढंच म्हणाल्या, की गाडी जरा बाजूला घ्या, गुरुवारी इथं मेढ रोवायची आहे, त्याआधी जमीन सारवायची आहे. दुसरा कोणी असता तर त्याने गाडी बाजूला घेतली असती. पण दत्तोपंतांनी खालापूरच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली केली होती. साधी गोष्ट साधी राहू देणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. तेल मुळात गळतं कुठून, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि कोणी उत्तर द्यायच्या आत गाडीची मागची बाजू विटांवर चढवली.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ती विलायती होती. तिचा आधीचा मालक म्हणजे मुंबईचे एक पारशी डॉक्टर. ते माथेरानला राहायला निघाले आणि माथेरानला मोटार नेता येत नाही हे त्यांना नेरळला पोचल्यावर कळलं. त्यांनी गाडी नेरळला एका चिंचेखाली लावली, वर गेले आणि विसरले. सात पावसाळे गाडी चिंचेखाली भिजली. दत्तोपंत ती घरी घेऊन आले, तेव्हा सरोजिनीबाईंनी तिला चहूबाजूंनी पाहून विचारलं, की हिच्यात कोंबड्या ठेवायच्या आहेत का. दत्तोपंतांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांचा जीव त्या गाडीत होता. तसा तो पद्मजेतही होता, पण पद्मजा सासरी जाणार होती आणि गाडी राहणार होती.

रविवारी कशेळ्याहून गजा मेस्त्री आला. गजा मूळचा भातशेतीवाला. गावच्या भातगिरणीचं इंजिन वारंवार बिघडायचं, ते उघडता उघडता तो मेस्त्री झाला होता. इंजिन तेव्हापासून जास्त वेळा बिघडू लागलं, असं कशेळ्यात बोललं जाई, पण गावात दुसरा मेस्त्री नसल्यामुळे हे कोणाला सिद्ध करता आलं नाही. गजाने चाकाच्या जागी वाकून पाहिलं, बोटाला तेल लावून वास घेतला आणि निदान केलं. आतलं सील गेलं होतं. सील बदलायचं तर हब काढायला हवा. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी तुकडा, तो एक्सलच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो आणि वरून एका मोठ्या नटाने आवळलेला असतो. हे गजाने दत्तोपंतांना एकदा समजावलं आणि पुढे दिवसभर दत्तोपंतांनी पत्रिका घ्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला समजावलं.

"काम किती वेळाचं?"

"अर्ध्या तासाचं हाय, वकीलसाहेब."

अर्धा तास हे आमच्याकडच्या मेस्त्र्यांचं जुनं माप आहे. त्याचा घड्याळाशी संबंध नाही.

नुसता नट सुटायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी गजाने पान्याला तीन फुटी नळी लावून जोर काढला. दुसऱ्या दिवशी सहा फुटी नळी आली आणि ती दाबायला शेजारचे अण्णाही आले. तिघं जण एका वेळी नळीवर लोंबकळत होते, हे दृश्य सरोजिनीबाईंनी माजघराच्या खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. सोमवारी संध्याकाळी गजाला एकाएकी आठवलं, की डाव्या चाकाच्या नटाला उलटे आटे असतात. म्हणजे दोन दिवस तिघांनी मिळून तो नट आवळला होता, आणि फार चांगला आवळला होता.

दत्तोपंतांनी विचारलं, की हे आधी ठाऊक नव्हतं का.

"ठावं व्हतं की," गजा म्हणाला. "पन गाडीचं डावं ते म्होरनं बगायचं का मागनं, तितं घोळ झाला."

मंगळवारी नट निघाला आणि हब निघाला नाही. सात पावसाळ्यांत हब आणि एक्सल यांचा असा काही संसार जमला होता, की त्यांना वेगळं करणं कुठल्याही कोर्टाला जमलं नसतं. गजाने रॉकेल ओतलं, घण घातला, पुन्हा रॉकेल ओतलं. मग भातगिरणीतला पुलर आला. पुलर म्हणजे तीन पायांची लोखंडी चिंबोरी, खेकडाच म्हणा. तिने हबला तीन बाजूंनी कवटाळायचं आणि मधला स्क्रू आवळत आवळत त्याला बाहेर ओढायचं. चिंबोरीने कवटाळलं, गजाने स्क्रू आवळला, अण्णांनी आणखी आवळला, आणि चिंबोरीचा एक पाय तुटून समोरच्या फणसात जाऊन रुतला. तो अजून तिथे आहे. मग लोखंड तापवलं की फुगतं, हे दत्तोपंतांना शाळेतलं आठवलं. स्वयंपाकघरातला स्टोव्ह अंगणात आला आणि हबखाली पेटवला गेला. हब फुगला असेल, पण त्याच न्यायाने आतला एक्सलही फुगला. आतलं तेल मात्र तापून असं दरवळलं, की पद्मजेच्या रुखवतासाठी परातीत काढून ठेवलेल्या दीडशे बेसनलाडवांना मोटारीचा वास लागला. स्टोव्ह परत न्यायला सरोजिनीबाई स्वतः बाहेर आल्या. आवाज न चढवता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

"परवा नऊ चाळीसचा मुहूर्त आहे. खोपोलीच्या भंगारवाल्याला मी निरोप धाडलाय, तो नऊला येईल. गाडी तोवर इथून हलली तर तुमची, नाही तर त्याची."

दत्तोपंत म्हणाले, की एवढ्या लवकरची तारीख कुठलंही कोर्ट देत नाही. सरोजिनीबाई स्टोव्ह घेऊन आत गेल्या होत्या.

बुधवारी प्रकरण अण्णांनी हातात घेतलं. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. अण्णांनी एकतीस वर्षं बँकर चालवला होता. एकतीस वर्षं त्यांनी फक्त पुढच्या डब्याची पाठ पाहिली होती. त्यामुळे जगात जे जे अडलंय ते मागून ढकललं की निघतं, अशी त्यांची खात्री झाली होती. थोरल्या मुलाला त्यांनी याच पद्धतीने मॅट्रिक केलं होतं. चार खेपा लागल्या, पण घाट चढला.

"चार दिवस तुम्ही नुसते ओढताय, पंत," अण्णा म्हणाले. "ओढणारं इंजिन घाटात दमतं. जोर मागनं लागतो."

कर्जतमध्ये लहानाचा मोठा झालेला कोणीही माणूस या विधानाला हरकत घेऊ शकत नाही. दत्तोपंतांनी घेतली नाही, गजानेही मान डोलावली. बेत असा ठरला, की अंगणातल्या पिंपळपाराच्या दगडाला टेकवून एक सागाचा ओंडका गाडीखाली आडवा सारायचा, ओंडका आणि हबची आतली बाजू यांच्यामध्ये जॅक आडवा बसवायचा आणि फिरवत जायचं. जॅक मागून ढकलेल, हब पुढे निघेल. पार हलणार नाही, ओंडका हलणार नाही, मग हलणार कोण? हबच. यात एक गोष्ट राहून गेली. गाडीही हलू शकते, हे तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. चार दिवसांत गाडी हलते ही कल्पनाच त्या अंगणातून नाहीशी झाली होती.

अण्णांनी शेवटचा जोर लावला आणि गाडी विटांवरून आडवी घसरली. धूळ खाली बसल्यावर दिसलं ते असं. हब एक्सलवर जागच्या जागी होता. आणि भटजींनी दिशा पाहून, पळीभर पाणी सोडून मेढीसाठी जो खड्डा खणायला लावला होता, त्यात तो हब अलगद जाऊन बसला होता. आधी गाडी खड्ड्यापासून तीन हात लांब होती. दाटीवाटीने का होईना, मेढ रोवता आली असती. आता खड्ड्यात मेढीच्या जागी एक्सल रोवला गेला होता, आणि तोही मुहूर्ताच्या आदल्या दिवशी.

भटजींना विचारलं, खड्डा सरकवता येईल का. ते म्हणाले, मोटार सरकवा. ते गेल्यावर अण्णांनी सांगितलं, की या भटजींना यंत्रांतलं काही कळत नाही.

गुरुवारी पावणेनऊलाच भंगारवाल्याचा टेंपो दारात लागला. त्या आठवड्यात वेळेवर आलेला तो पहिला माणूस. तो पायरीवर बसून चहा पिऊ लागला आणि गाडीकडे असा पाहू लागला, की दत्तोपंतांना त्याच्यासमोर उभं राहवेना. ते गाडीच्या पलीकडे गेले आणि टपावर हात ठेवून उभे राहिले. आत सनई लावायची की नाही यावर चर्चा चालली होती. गजा आणखी एकदा घण मारून बघू म्हणत होता, अण्णांना आणखी एक ओंडका हवा होता. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. तेव्हा मागच्या अंगणातून कामाच्या गौराबाई पापडांची पाटी घेऊन आल्या आणि ती ठेवायला जागा मिळेना म्हणून तिथेच उभ्या राहिल्या.

"वकीलदादा, एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "चाक लावलं तर गाडी चालत नाय का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

हब काढायचा होता, म्हणून चाक काढलं होतं. हब निघत नव्हता, म्हणून चाक बसवलं नव्हतं. पण गाडी हलवायला हब काढावा लागत नाही, फक्त चाक लावावं लागतं. पाच दिवस अंगणात एक वकील, एक मेस्त्री आणि रेल्वेत एकतीस वर्षं काढलेला एक माणूस अहोरात्र खपत होते, आणि हा मुद्दा कामकाजात आलाच नव्हता.

"तत्त्वतः चालेल," अण्णा म्हणाले.

चाकाचा शोध सुरू झाला. ते मागच्या अंगणात पापड वाळत घातलेली साडी उडू नये म्हणून वजनाला ठेवलं होतं. ते उचलताच निम्मे पापड शेजारच्या वाडीत गेले, पण त्यांच्यामागे कोणी धावलं नाही. गाडी जॅकवर उचलून खड्ड्यातून काढली, चाक चढवलं. दत्तोपंत हबचा मोठा नट परत बसवून आवळू लागले, तसा गजाने त्यांचा हात धरला. नट आवळायचा नाही, दोन आटे ढिलाच ठेवायचा, त्याने सांगितलं. अशी गाडी चालवली की वळणावळणाला जोर येतो आणि अडलेला हब आपसूक सुटतो. नट असल्यामुळे चाक काही पडत नाही. सुटताना मोठा आवाज होतो, एवढंच.

"मग हे रविवारीच का नाही केलंस?"

"रईवारी चाक काडल्यालं व्हतं," गजा म्हणाला.

नऊ एकतीसला गाडी फाटकाबाहेर पडली. भंगारवाल्याने कप खाली ठेवला, तिच्यावर एक शेवटची नजर टाकली आणि सरोजिनीबाईंना म्हणाला, की घाई नाही, आज ना उद्या ती माझ्याकडंच येनार. नऊ चाळीसला मेढ उभी राहिली. खड्डा तेलकट झाल्यामुळे ती सुळकन आत गेली, भटजींनी तो शुभशकुन मानला. मेढीला बांधून उरलेला झेंडूचा हार आणि आंब्याचा डहाळा गौराबाईंनी गाडीच्या तोंडाला बांधला आणि हळदकुंकू लावलं. पीडा टळली म्हणून हे केलं की गाडी चालली म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी तिघं हब सोडवायला निघाले. दत्तोपंत गाडी चालवत होते, अण्णा शेजारी, गजा मागच्या खिडकीतून कान बाहेर काढून. कशेळ्यापर्यंत जाऊन आले. वाटेतलं प्रत्येक वळण जोरात घेतलं, खड्डे शोधून शोधून त्यांत गाडी घातली. कशेळ्याच्या बाजारातल्या लोकांनी वकिलांची गाडी मोकळ्या जागेत नुसती गोल गोल फिरताना पाहिली, त्यामागे काही कारण असेल असं समजून नमस्कार केले. आवाज काही झाला नाही. परत आल्यावर सरोजिनीबाई फाटकातच उभ्या होत्या. गाडी आत यायची नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि चालतेच आहे तर मोहोपाड्याला जाऊन व्याह्यांना मानाची पत्रिका देऊन या, असं म्हणून अक्षतांची पुडी, पत्रिका आणि दीडशेपैकी पंचवीस लाडू खिडकीतून आत दिले.

चौक गावावरून मोहोपाडा. गाडी अशी चालली होती, की नेरळच्या चिंचेखाली जाण्याआधीही ती इतकी चांगली चालली नसेल. गजाला झोप लागली. हब आता जन्मात निघत नाही असं अण्णा म्हणाले, आणि दत्तोपंतांनाही मनातून वाटू लागलं, की न निघाला तरी काय बिघडलं. थोडं तेल गळेल. गळू दे. अशी समजूत माणसाला पहिल्याच दिवशी येत नाही, म्हणून मेस्त्र्यांची पोटं भरतात.

व्याही टिपणीस हे मोहोपाड्याच्या एका कारखान्यात यंत्रदेखभालीचे साहेब, राहायला कारखान्याच्या कॉलनीत. माणूस सुधारक. मुलाचं लग्न ठरलं त्याच दिवशी त्यांनी कॉलनीच्या नोटीस बोर्डावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून लावलं होतं, की आमच्या चिरंजीवांचा विवाह हुंडा, मानपान, करणी वगैरे काहीही न घेता होणार आहे, इतरांनी बोध घ्यावा. इतरांनी बोध घेतला होता, पण राग धरून. आतापर्यंत हुंडा घेऊन सुखात असलेली सगळी कॉलनी त्या बोर्डाखालून जाताना मान खाली घालत होती.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, कारखान्याची पाळी सुटून सगळी कॉलनी ओट्यांवर बसलेली असताना, झेंडूचा हार घातलेली, हळदकुंकू लावलेली विलायती मोटार टिपणीसांच्या फाटकात वळली. आणि वळता वळता तोफ उडावी तसा आवाज झाला.

गजा जागा झाला. "सुटला," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर बाप झालेल्या माणसाचं हसू आलं.

हब खरंच सुटला होता. सुटताना हब आणि एक्सलच्या मधली चावी, म्हणजे दोघांना एकत्र फिरवणारी लोखंडी खुंटी, तुटली, त्यामुळे आता एक्सल एकटाच फिरत होता आणि चाक जागचं हलत नव्हतं. मग अण्णा उतरले, बाह्या सारल्या आणि गाडी मागून ढकलत टिपणीसांच्या अंगणात नेली. सगळ्या आयुष्यात त्यांची पद्धत इतकी चोख कधी लागू पडली नव्हती. विटा टिपणीसांच्याच होत्या. गजाने चाक उतरवलं, नट काढला आणि हब बांगडी उतरवावी तसा दोन बोटांनी उतरवून दत्तोपंतांच्या हातात ठेवला. पाच दिवसांनी दत्तोपंतांना तो असा मोकळा बघायला मिळाला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

टिपणीसांनी तुटकी चावी उजेडात धरून पाहिली. हे तर दहा मिनिटांचं काम, ते म्हणाले. उद्या कारखान्यात नवी बनवून घेतो, तुम्ही निर्धास्त घरी जा, परवा गाडी घरपोच. गजाने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. तो अर्ध्या तासाच्या खाली कधी आला नव्हता.

मग दत्तोपंतांनी व्याह्यांच्या हातावर अक्षता, पत्रिका आणि लाडू ठेवले, गाडीची किल्लीही ठेवली, दोन्ही हात जोडले आणि सहाच्या एसटीने घरी निघाले. हे सगळं ओट्यांवरून दिसत होतं. मुलीच्या बापाने हार घातलेली मोटार आणली, वाकून किल्ली दिली आणि स्वतः एसटीने गेला. कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

आठ दिवसांनी, लग्न आठवड्यावर आलं असताना, टिपणीसांचं अंतर्देशीय पत्र आलं. दत्तोपंतांनी ते ओसरीवर उभ्याउभ्याच फोडलं.

'सप्रेम नमस्कार. आपली गाडी अद्याप आमच्या दारात आहे. बोर्डावरच्या माझ्या मजकुराखाली कोणी अज्ञाताने पेन्सिलीने "मोटार सोडून" असे लिहिले आहे. पुसले की पुन्हा लिहितात. काल आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून माझे अभिनंदन केले आणि मॉडेल कोणत्या सालचे ते विचारले. कॉलनीत तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. तरी कृपा करून गाडी तातडीने न्यावी. ता. क. नवी चावी तयार आहे. ती बसवताना उजव्या बाजूचा हबही एकदा काढून पाहावा असे वाटले. तो निघत नाही. आपले ते मेस्त्री दोन दिवस मोकळे असल्यास पाठवावेत.'

दत्तोपंतांनी पत्र एकदा वाचलं आणि ताजा कलम तीनदा. मग ते चपला शोधू लागले.

"कुठं निघालात?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"कशेळ्याला. गजाला घेतो आणि गाडी आणतो."

सरोजिनीबाईंनी त्यांच्या हातातून पत्र घेतलं, सावकाश वाचलं आणि घडी घातली.

"लेकीला दिलेलं परत आणत नाहीत," त्या म्हणाल्या.

"अगं, दिली कोणी? ती तिथं बंद पडली."

"हार घालून?"

बावीस वर्षांच्या वकिलीत इतका भक्कम पुरावा त्यांच्याविरुद्ध कोणी आणला नव्हता. एक चप्पल घालून ते ओसरीवर तसेच बसून राहिले. सरोजिनीबाईंनी पद्मजेला हाक मारली, रुखवताची वही मागवली, आणि 'समया, एक जोड' याच्या खालच्या ओळीत तिला लिहायला सांगितलं: मोटार, एक. पोचली.